वाईतले जुने वाडे आणि घाट वाचवायला शनिवार-रविवार काय करता येईल? (अनुभव शून्य, हौस भरपूर)

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, वाचते बरीच वर्षं पण धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं आजोळ वाईचं. मे महिना सगळा तिथेच जायचा. दोन चौकी वाडा होता, मागचा चौक माझ्या जन्माआधीच पडलेला, तिथे आजीने अळू लावलं होतं, पण पुढचा चौक, ओसरी, झोपाळा, माडीवर जायचा तो भिंतीतला अंधारा जिना, हे सगळं शाबूत होतं. आजी गेली, मग मामा-मावश्यांच्या सह्या गोळा व्हायला सहा वर्षं लागली, आणि सह्या झाल्यावर वाडा पाडायला सहा दिवस पण लागले नाहीत. आता तिथे चार मजली बिल्डिंग आहे, तिच्या नावात 'वाडा' आहे तेवढंच. दिंडी दरवाजा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेला, कुठल्यातरी रिसॉर्टच्या रिसेप्शनला लागला असेल आणि त्याच्यापुढे लोक सेल्फी काढत असतील.

असो. गेल्या महिन्यात ढोल्या गणपतीच्या मागे घाटावर बसले होते तेव्हा डोक्यात आलं की आपला गेला तो गेला, पण बाकीचे अजून आहेत ना. हिंजवडीत नोकरी, शनि-रवि सुट्टी, ट्रॅफिक नसेल तर दोन-अडीच तासात वाई. ऑफिसातले अजून तिघं तयार आहेत, हात चालवायला कुणाची ना नाही. म्हणजे भिंतीतली पिंपळाची रोपं उपटणं, एखाद्या छोट्या देवळाचा ऑइलपेंट खरवडणं, पडलेला गिलावा भरणं असं काहीतरी. पैसे फार नाहीत.

हे सगळं कुणाला विचारून करायचं? परवानगी लागते का? आणि यातलं काहीच शिकलेलं नसताना आपला नेमका उपयोग काय? "आधी अभ्यास करा" सांगणार असाल तर कशाचा ते पण सांगा प्लीज.

चुन्याची_घाणी | रविवार, सकाळी ७:१५

ताई, चहा गार करून लिहितोय यावरून धागा किती आवडला ते समजा. मी आर्किटेक्ट आहे, जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचंच काम करतो. आणि तुम्ही जी तीन कामं लिहिलीत ना, रोपं उपटणं, रंग खरवडणं, गिलावा भरणं, नेमकी तीच तिन्ही करू नका :)

रंगाचं आधी सांगतो. एका गावात (नाव नको) उत्साही पोरांनी वर्गणी काढून देवळाचा ऑइलपेंट काढायला सँडब्लास्टिंगवाला आणला. दोन दिवसात देऊळ लख्ख, सगळीकडे फोटो फिरले. मी गेलो तर खांबांवरच्या नक्षीच्या कडा चोखलेल्या गोळीसारख्या बोथट झालेल्या, आणि उंबऱ्याजवळ दोन ओळींचा लेख होता त्यातली निम्मी अक्षरं वाळूबरोबर गेलेली. इतकी वर्षं तो रंगाखाली होता, कुणी वाचला पण नव्हता. रंगाने त्याला निदान झाकून तरी ठेवलं होतं. रंग काढता येतो, नाही असं नाही, पण आधी कोपऱ्यात वीतभर जागेवर वेगवेगळे प्रकार करून बघायचे, रंग मऊ करणारं रसायन, मऊ ब्रश, भरपूर पाणी, आणि हे सगळं माहितगार माणूस शेजारी उभा असताना. लोखंडी ब्रश आणि ग्राइंडर घरी ठेवा.

गिलावा. आपल्याकडच्या जुन्या भिंती बहुतेक खाली घडीव काळा दगड आणि वर पांढऱ्या मातीच्या किंवा पातळ विटांच्या, आणि सांधायला चुना नाहीतर माती. अशा भिंतीत ओल येणारच, ती येते तशी जाते पण, भिंतीला घाम येतो म्हणा. त्याच्यावर सिमेंट थापलं की घाम आत कोंडतो. मग ओल सिमेंटच्या कडेने वाट काढते, बरोबर क्षार आणते, ते क्षार विटेच्या तोंडाशी सुकून फुगतात आणि वीट पिठासारखी गळायला लागते. लोक म्हणतात बघा जुनी वीट कच्ची होती, सिमेंट तेवढं टिकलं! दगडी कामात पण तेच, काळा दगड स्वतः पाणी फार पीत नाही, पाणी जातं-येतं ते सांध्यातून. घाटांच्या पायऱ्यांचे सांधे सिमेंटने बंद केले की पाणी आतल्या भरावात अडकतं आणि दगड पुढे ढकलले जातात.

चुन्याचं काम शिकायचं असेल तर जरूर शिका, पण ते एका रविवारचं नाही. चुनकळी विझवायची, पाण्यात मुरत ठेवायची, मग वाळू किंवा विटेची भुकटी घालून घाणीत (म्हणजे दगडी चाक फिरतं त्या गोल चरात) मळायची. गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर कुठे काय घालायचं ते जुन्या गवंड्यांचं शास्त्र. लावल्यावर पोती टाकून दिवसेंदिवस ओलं ठेवायचं, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, त्याला घाई चालत नाही. तुम्ही रविवारी लावून हिंजवडीला निघून आलात तर बुधवारी तडे.

पिंपळ. हिरवं काड्यापेटीएवढं रोप पहिल्या पावसात, भिंत ओली असताना, अलगद निघतं, ते काढा खुशाल. मनगटाएवढं झालं की हात लावू नका. मूळ आत कुठवर गेलंय ते दिसत नाही, ओढलं की दगडासकट येतं. ते वरून कापायचं, मूळ आतच मारायचं, आणि कुजल्यावर जी पोकळी राहते ती चुन्याने भरायची. हिंग घातला की मरतं असं सगळे सांगतात, आम्ही एकदा घातला होता, त्या पिंपळाला बहुतेक हिंग आवडला.

मग तुमचा उपयोग काय? भरपूर आहे, मीटिंग आहे, दुपारी लिहितो.

गडवाट_भटक्या | रविवार, सकाळी ९:३०

वरच्या दादांना +१०० !!

आम्ही किल्ल्यांवर श्रमदान करतो, सात-आठ वर्षं झाली. सुरुवातीला आमचं पण हेच, फावडं घेतलं की चला. एका गडावर टाक्यातला गाळ काढला, तीन रविवार, चाळीस पोरं, आणि गाळ दरीत टाकून दिला. नंतर एक सर आले बघायला, त्यांनी विचारलं गाळात खापरं वगैरे होती का. होती की ढीगभर. सर काही बोलले नाहीत नुसते दरीकडे बघत उभे राहिले. ते अजून आठवलं की कसंतरी होतं. आता आम्ही गाळ चाळून ठेवतो, जे सापडेल ते कुठल्या थरात किती खोल ते लिहून पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, आणि परवानगीशिवाय खिळा पण ठोकत नाही.

परवानगीचं सोप्यात सांगतो. वास्तू केंद्र संरक्षित असेल तर १९५८ चा कायदा, स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढे अजून २०० मीटर परवानगी घेऊन. राज्य संरक्षित असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आणि राज्याचं पुरातत्त्व संचालनालय. दोन्ही ठिकाणी परवानगीशिवाय तिथला दगड हलवणं, खणणं, रंग लावणं म्हणजे गुन्हा, हेतू कितीही चांगला असला तरी. यादीत नसेल तर मालक कोण ते शोधा. देवळाचा ट्रस्ट असतो, घाट सार्वजनिक जागा, आणि वाडा म्हटला की खाजगी, तिथे मालकाचा होकार हीच परवानगी.

२०२५ च्या जुलैत आपले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यानंतर किल्ल्यांकडे माणूसबळ धो धो येतंय. गावातल्या वाड्यांकडे कुणी फिरकत नाही. त्यामुळे ताई तुमचा विषय एकदम बरोबर आहे. वाड्यावर ट्रेक करता येत नाही हा एवढाच त्याचा दोष :D

माडीवरचा | रविवार, सकाळी ११:०५

मी वाईतलाच. आळी सांगत नाही. वाड्यात राहतो, हौस म्हणून नाही, दुसरीकडे घर नाही म्हणून.

दर महिन्याला कुणीतरी येतं बघा. कॅमेरा घेऊन येतात, "काका किती छान आहे हो, विकू नका हं" म्हणतात आणि जातात. तुमचं काय जातंय सांगायला. उताऱ्यावर अकरा नावं, त्यातली पाच वर गेली, वारसांची नोंद नाही, एक पुतण्या कॅनडात. खाली भाडेकरू आहे तो महिन्याला पंचेचाळीस रुपये देतो आणि ते पण मनीऑर्डरने पाठवायचा आधी, म्हणजे आम्ही पावती नाकारली असं व्हायला नको. पावसाळ्याआधी शाकारायचं तर कौलं फिरवणारा माणूस मिळत नाही, जो होता तो म्हातारा झाला, पोरगा एमआयडीसीत. वानरं कौलं फोडतात. एकदा वानरं येऊन गेली की रात्री कुठे कुठे पातेली ठेवायची ते ठरलेलंय आमचं. तुळईला वाळवी. बायको म्हणते फ्लॅट घेऊ, तिचं काय चुकलं सांगा.

चार-पाच वर्षांमागं एक टीम आली होती, पुण्याकडची. चांगली शिकलेली पोरं. तीन दिवस राहिली, टेप लावून सगळं मोजलं, ही जेवायला घालत होती तिन्ही दिवस. म्हणाली काका नकाशे पाठवतो. अजून येतायत नकाशे.

म्हणून विचारतो, तुम्ही येणार ते कुणासाठी? वाड्यासाठी का फोटोसाठी?

स्पष्टवक्ता_७१ | रविवार, दुपारी १२:२०

माडीवरचा यांच्याशी सहमत. जुनं ते सोनं हे ज्याला तिथं राहायचं नसतं त्यांचं म्हणणं. अंधाऱ्या खोल्या, संडास परसात, जिना असा की गुडघे गेलेल्या माणसाने चढायचं कसं. पाडा, बांधा, माणसं सुखात राहू द्या. सगळे वाडे जपायचे म्हटले तर गावाचं म्युझियम होईल. चार नामांकित वाडे आहेत ते सरकार बघेल.

निवांत_पाटील | रविवार, दुपारी १२:४१

थोडं अवांतर, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघायला तिकीट आहे का? आणि सोमवारी उघडा असतो का? फॅमिली घेऊन जायचंय.

चुन्याची_घाणी | रविवार, दुपारी ३:१०

@निवांत_पाटील खाजगी मालमत्ता आहे, तिथे जाऊनच विचारा. वाडा बघाल तसा घाट पण निवांत बघा, अर्धचंद्राकृती आहे, आणि वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली घंटा आहे तिच्यावर चढून पोरांना लोंबकळू देऊ नका. हात जोडून विनंती.

@स्पष्टवक्ता तुमचं अर्धं बरोबर आहे. संडास आत आणता येतो, जिन्याला कठडा लावता येतो, वाड्याच्या पोटात मोरी-स्वयंपाकघर नवं करता येतं, कुणी ना म्हटलेलं नाही. जपणं म्हणजे १७८० साली राहायचे तसं राहणं नव्हे. आणि "सरकार बघेल" हे नामांकित वाड्यांबद्दल, पण एखाद्या आळीचं रूप नामांकित वाड्याने नाही ठरत, शेजारच्या पंधरा बिननावाच्या वाड्यांनी ठरतं.

@माडीवरचा, काका, ती टीम आमच्यातली नव्हती, पण आमच्या धंद्याची होती म्हणून मलाच लाज वाटली. नकाशा मालकाला न देणं ही आमच्याकडची जुनी खोड आहे.

आता ताई, तुमचं काम. सगळ्यात मोठी टंचाई गवंड्यांची नाही, नोंदींची आहे. वाडा पडतो तेव्हा तो कसा होता हे सांगायला लग्नाच्या अल्बममधले चार फोटो उरतात, आणि त्यात पण पुढे नवरा-नवरी. तर चौघांनी मिळून एका वेळी एकच वाडा घ्यायचा, तो पण मालकाने बोलावला तर. साधी टेप पुरते, लेझर मीटर असेल तर उत्तम. प्रत्येक खोलीच्या चार भिंती मोजून भागत नाही, दोन कर्ण पण मोजा, कारण वाड्यातली एकही खोली काटकोनात नसते आणि कर्ण नसतील तर घरी जाऊन नकाशा जुळत नाही, हे प्रत्येकाला एकदा रडून कळतं. तळखडा (खांबाखालचा दगड), खांब, तुळई, कडीपाट (लाकडी छत), कोनाडे, बळद (धान्य साठवायची जागा), कुठे काय आहे ते लिहा. खोलीला घरचे जे म्हणतात तेच नाव लिहा. 'बाळंतिणीची खोली' असेल तर नकाशात बेडरूम नको. फोटो प्रत्येक भिंतीचा समोरून, खाली मोजपट्टी धरून. आणि तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक खूण करून तारीख लिहा. सहा महिन्यांनी तडा खुणेच्या पुढे गेला तर वाडा हलतोय, नाही गेला तर आजोबांच्या वेळचाच आहे, उगाच घाबरू नका.

एक प्रत मालकाला, कागदावर, त्याच महिन्यात. उद्या दुरुस्तीचा अंदाज काढायला किंवा वाटणीला सुद्धा तोच कागद कामाला येतो, म्हणून मालकाला त्यात रस असतो.

फोटो इंटरनेटवर टाकायचे असतील तर बाहेरची बाजू, देवळं, घाट विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियावाल्यांचा फोटोंचा खुला साठा) चढवा, तिथे विकी लव्हज मॉन्युमेंट्स नावाची स्पर्धा पण असते, २०१० ला नेदरलंड्समध्ये सुरू झाली. पण घराच्या आतलं काही टाकू नका. नक्षीचा दरवाजा कुठल्या आळीत आहे आणि घरात दोन म्हातारी माणसंच आहेत हे गिऱ्हाईक शोधणाऱ्याला आपणच सांगितल्यासारखं होतं.

संस्थेच्या आधाराने करायचं असेल तर इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आहे, १९८४ पासूनची, तिचे गावोगावी चॅप्टर असतात, सभासद कुणीही होऊ शकतं. आणि वर कुणी विचारायच्या आत सांगतो, नुसतं जुनं असून वाड्याला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, कुठल्या तरी यादीत नाव यावं लागतं, आणि यादी करायला बसणाऱ्यांच्या हातात पहिल्यांदा काय लागतं? तर अशाच नोंदी.

जुना_वाईकर | रविवार, संध्याकाळी ६:५०

मुलीचा धागा वाचून बरे वाटले. वय ७८, टायपिंग हळू होते, समजून घ्यावे.

आपल्या वाईत घाट म्हणजे नुसत्या पायऱ्या नाहीत. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, गंगापुरी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह असे सात, आणि प्रत्येक घाटाची कृष्णाबाई (देवी मानलेली कृष्णा नदी) वेगळी, उत्सव वेगळा, थंडी सरता सरता एकापाठोपाठ एक चालतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी महाराजांना यश यावे म्हणून नवस बोलला गेला अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मांडव, पंगती, कीर्तन. उत्सवाआधी आळीतली माणसे घाट स्वतः धूत. आम्ही मुले पायऱ्यांच्या फटीतले गवत खिळ्याने काढत असू, कुणी त्याला श्रमदान म्हणत नव्हते, नाही गेले तर प्रसादाच्या वेळी बोलणी बसत.

ढोल्या गणपतीच्या मागे बसलीस असे लिहिलेस. मागची भिंत नीट पाहिलीस का? १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी देऊळ बांधले ते नदीच्या अगदी तोंडाशी, म्हणून मागची बाजू माशासारखी निमुळती केली, पुराचे पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. आमच्या वडिलांनी मला पुराच्या वेळी खांद्यावर बसवून लांबून दाखवले होते, पाणी कसे फाटते ते. पुस्तकात वाचून ते कळत नाही.

तुम्ही मुले मोजमाप कराल ते छानच. त्याबरोबर आमच्यासारख्यांना बोलते करा, फोनवर रेकॉर्ड करा. कोणत्या पायरीपर्यंत कोणत्या वर्षी पाणी आले, कोणता खांब कुणी बदलला, कुठल्या वाड्यातले भुयार खरे आणि कुठले आम्हीच उठवलेले. (आमच्या वाड्यातले खोटे होते. लोणच्याच्या बरण्या ठेवायचे.)

आणि पिंपळाचे. वर त्यांनी शास्त्र सांगितले, पण आमच्याकडे कापायला माणूस तयार होत नाही, पिंपळावर मुंजा असतो म्हणतात. आमच्या आळीत यावर तोडगा होता, रोप अगदी लहान असताना काढून नदीकाठी नेऊन लावायचे. मुंजाची सोय झाली, भिंतही वाचली.

थेम्सकाठचा_सातारकर | रविवार, रात्री ९:१४ (आमच्याकडे दुपार)

मूळचा साताऱ्याचा, आता इंग्लंडमध्ये. इथे जुन्या इमारतींसाठी एक संस्था आहे, सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज, विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढली. ती निघाली कशावरून तर तेव्हा इथली जुनी चर्चेस 'जीर्णोद्धार' करून नवीकोरी करायची फॅशन आली होती आणि मॉरिसचं डोकं फिरलं. त्याचं म्हणणं थोडक्यात, रोजची निगा राखा, गळकं छप्पर वेळेत नीट करा, म्हणजे मोठा जीर्णोद्धार करायची पाळीच येणार नाही.

मी त्यांच्या एका कामाला गेलो होतो, वाटलं काहीतरी भारी शिकवतील. दिवसभर काय केलं? पन्हळीतली पानं काढली. दर नोव्हेंबरला ते यासाठी खास आठवडा पाळतात, पन्हळ साफ, नळ साफ, पाणी भिंतीपासून लांब जातंय का बघा, बास. आधी हसू आलं, मग तिथल्या बाईंनी कोपरा दाखवला, पन्हळ तुंबल्यामुळे पाणी एकाच जागी भिंतीवर पडून वरच्या तुळईचं टोक, जे भिंतीत असतं ना, ते आतून कुजून गेलेलं. बाहेरून काही दिसत नाही. पन्हळ साफ करायला अर्धा तास लागला असता, तुळई बदलायला लाखात खर्च.

आपल्याकडे नोव्हेंबर नाही, मे. मृगाच्या आधी चार जण, एक शिडी, एक घमेलं, हातमोजे. कौलावर चढायचं नाही (फुटतात, आणि तुम्ही पण), पन्हळ आणि चौकातली मोरी तेवढी मोकळी करायची. याला अनुभव लागत नाही आणि याने बिघडत काही नाही.

चुन्याची_घाणी | रविवार, रात्री ९:३३

हे मी सकाळीच लिहायला हवं होतं. चौकातली मोरी!! चौकात चारी बाजूंची कौलं पाणी ओततात, मोरी तुंबली की सगळं पाणी जोत्यात. मी पाहिलेल्या पडक्या वाड्यांपैकी निम्म्यांची सुरुवात तिथूनच झालेली.

कृष्णाकाठची | रविवार, रात्री १०:५५

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. दोनदा वाचलं सगळं.

ऑइलपेंट आणि गिलाव्याचं डोक्यातून काढून टाकलं. खरं सांगायचं तर ते काम दिसतं, आधी-नंतरचा फोटो येतो, म्हणून तेच सुचलं होतं. माडीवरच्या काकांनी विचारलं वाड्यासाठी का फोटोसाठी, तेव्हा मला राग आला आणि मग कळलं राग का आला ते.

काका, आमच्या आजोळी पण कुणी कधी मोजलं नाही हो. मी आज संध्याकाळी आठवणीतून नकाशा काढायला बसले तर माजघरातून देवघरात जायला दार होतं की नुसती महिरप हेच आठवेना, आईला फोन केला, ती म्हणाली दार, मावशी म्हणाली महिरप, आणि दोघी फोनवरच भांडायला लागल्या. आता बघायला काहीच नाही.

तुम्ही येऊ दिलंत तर आम्ही आधी पन्हळ आणि मोरी करू. मोजायचं तुम्ही म्हणाल तेव्हा, नाही म्हणालात तर नाही. नकाशा तुम्हाला हातात दिल्याशिवाय दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही, इथे पण टाकणार नाही. जेवणाचा डबा आम्ही आणू, काकूंना त्रास नको.

जुना_वाईकर आजोबा, तुमच्याकडे पण यायचंय, रेकॉर्डिंग करायला. भुयार बघायला पण.

जुना_वाईकर | सोमवार, सकाळी ६:०५

ये. सकाळी नऊनंतर, त्याआधी पूजा असते. भुयारात आता बरण्या नाहीत.

स्पष्टवक्ता_७१ | सोमवार, सकाळी ८:४०

माझं मत बदललेलं नाही. पण पन्हळ साफ करायला हरकत काय असणार. माझ्याकडे ॲल्युमिनियमची सरकती शिडी आहे, वीस फुटी, वापराविना पडलीय. पाचवडला राहतो, जाता येता न्या. परत आणून द्या म्हणजे झालं.

माडीवरचा | सोमवार, दुपारी १:१७

शिडी आणा बरं झालं, आमची लाकडी आहे तिच्या दोन पायऱ्या गेल्यात.

येत्या रविवारी या. चौघं नको, पहिल्या वेळी दोघं. चुन्याची घाणीवाले तुम्हाला जमलं तर तुम्ही पण या, मागच्या बाजूला तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं मला पण शंका आहे, ते इंग्लंडवाल्यांनी लिहिलं तेव्हापासून दोनदा उठून बघून आलो. हातानं दाबलं तर भुसा येतोय.

माडीवर चालताना खिडकीच्या बाजूनं चाला, मधल्या फळ्या धरत नाहीत. डबा आणू नका, ही ऐकणार नाही.

चुन्याची_घाणी | सोमवार, दुपारी १:२९

येतो काका. तोवर त्या टोकाखाली एक टेकू देऊन ठेवा, साधी बल्ली चालेल, खाली आणि वर फळी घालून. ठोकून घट्ट करू नका, नुसती टेकवा. आणि माडीवर त्या कोपऱ्यात धान्याचं पिंप वगैरे असेल तर आजच हलवा.

माडीवरचा | सोमवार, दुपारी १:३४

पिंप नाही. कपाट आहे, गोदरेजचं. पोराला बोलावतो.